सोळा नंबरची लाइन

ड्रायव्हरकाकांकडे गाडी नव्हती, आणि असती तरी त्यांना ती चालवता आली नसती. तरी अख्खी इमारत त्यांना ड्रायव्हरकाका म्हणायची आणि याला जबाबदार ते स्वतःच होते. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा जिन्यात गाठून विचारलं होतं, "दिवसभर घरातच असता, करता तरी काय?" त्यावर खरं उत्तर द्यायची हौस काकांना नडली. "मी ड्रायव्हर सांभाळतो," असं ते म्हणून गेले. बाईंनी ते चारचौघांत सांगितलं, आणि पुढच्याच आठवड्यात तळमजल्यावरचा शिंपी 'उद्या स्टेशनवर सोडाल का' म्हणून दारात उभा राहिला.

काका सांभाळत होते तो ड्रायव्हर म्हणजे एक प्रोग्राम. संगणकात पडद्यावर चित्र आणणारं ग्राफिक्स कार्ड असतं, आणि तो संगणक चालवणारी लिनक्स नावाची यंत्रणा असते. या दोघांची भाषा एक नाही, म्हणून मध्ये दुभाष्या लागतो, तो हा ड्रायव्हर. तेवीस वर्षांपूर्वी काका ज्या कंपनीत होते तिथं असलं एक कार्ड तयार व्हायचं. त्याला मागच्या बाजूला व्हिडिओ टेपचा प्लेअर जोडायची सोय होती, आणि त्या काळी त्याचं फार कौतुक झालं होतं. पुढे कंपनी बंद पडली. बरोबरचे लोक पांगले, कुणी विम्यात गेला, कुणी शिकवण्या घ्यायला लागला. कार्डं मात्र कुणाकुणाच्या टेबलाखाली चालू राहिली, आणि लिनक्स बदललं की ड्रायव्हरही बदलायचा, हे काम काकांच्या गळ्यात आलं. गळ्यात कुणी घातलं नव्हतं. बाकीच्यांनी सोडलं, यांनी सोडलं नाही, एवढंच.

ड्रायव्हरच्या फाइलीत अगदी वर काकांचं नाव आणि ईमेलचा पत्ता होता. अडचण आली की लोक तिथं लिहायचे. एके काळी दिवसाला चार-पाच पत्रं यायची आणि काका वैतागायचे, की जेवायला तरी द्या रे. मग आठवड्याला एक येऊ लागलं. गेल्या सबंध वर्षात दोन आली होती, आणि त्यातलं एक भलत्याच कंपनीच्या कार्डाबद्दल होतं. काकांनी त्यालाही तीन पानी उत्तर लिहिलं.

लग्न राहून गेलं होतं. का राहून गेलं याची कारणं थोरल्या बहिणीला तोंडपाठ होती आणि दर रविवारी फोनवर ती त्यातलं एखादं ऐकवायची. उरलेले सहा दिवस घरात आवाज असायचा तो पंख्यांचा, आणि शेजारच्या खोलीत लावून ठेवलेल्या रेडिओचा. रेडिओ ते ऐकत नसत. तिकडे कुणीतरी आहे असं वाटावं म्हणून तो लावलेला असायचा. केस वाढायच्या आत न्हाव्याकडे जायचे, तेवढ्याच गप्पा होतात म्हणून. न्हावीही कमी नव्हता. "काका, कापू काय? मागच्या वेळी कापले ते अजून परत आलेले नाहीत," म्हणायचा. काका हसायचे आणि खुर्चीत बसायचे. ते एकटे होते, आणि एकटेपणाचा त्यांना आता उबग आला होता.

अशात एका मंगळवारी दुपारी पत्र आलं.

"नमस्कार सर. मी रक्त तपासण्याच्या लॅबमध्ये काम करते. संगणकातलं मला फारसं कळत नाही, पण सांगितलेलं नीट करते. घरी जुना संगणक आहे, त्यात तुमचं कार्ड आहे. त्याला प्लेअर जोडून एक टेप उतरवून घ्यायची आहे. वीस-पंचवीस मिनिटं झाली की पडदा गोठतो. बटण दाबून बंद करावं लागतं आणि तोवरचं रेकॉर्डिंगही जातं. काय करू?"

काकांनी चार मिनिटांत उत्तर पाठवलं. त्यात स्वतःचा फोन नंबर दिला, 'फोनवर सोपं पडेल' असंही लिहिलं. तेवीस वर्षांत त्यांनी कुणालाही नंबर दिला नव्हता.

साडेसहाला, लॅब सुटल्यावर, तिचा फोन आला. आवाज चाळिशीच्या आतबाहेरचा, स्वच्छ, घाई नसलेला.

"सर, त्रास देते."

"अहो, त्रास कसला! कामच आहे माझं. टेप कसली आहे?"

"आईची," ती म्हणाली. "आई शिवणाच्या वर्गात शिकवायची. वर्गवाल्यांनी तिचा एक धडा टेप करून ठेवला होता. कॉलर कशी बसवायची त्याचा. दीड तासाची आहे. मी अडीच वर्षांची असताना आई गेली. फोटो आहेत तसे घरात, पण आवाज असा कुठं नाही, या टेपमध्येच आहे काय तो. बाबा आता एक्याऐंशीचे आहेत. म्हणतात, तिचा आवाज आता आठवत नाही. मला तर कधी आठवलाच नाही."

"हं," काका म्हणाले.

"दुकानात दिली होती. त्यांनी परत केली. बुरशी लागलीय, आमचं मशीन बिघडेल म्हणाले. घरी चालवा, पण फार वेळा चालायची नाही, असंही म्हणाले."

"हो हो," काका म्हणाले. वीस-पंचवीस मिनिटं हा आकडा त्यांच्या डोक्यात तोवर फिरायला लागला होता, आणि एकदा असं काही फिरायला लागलं की समोरचा काय बोलतो ते त्यांच्या कानावरून जायचं. "हे बघा, आपल्याकडे एक नियम असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बाकी सगळं जसंच्या तसं. तीच वायर, तेच बटण, बसायची खुर्चीसुद्धा तीच म्हणा ना. नाहीतर दोष कुठं होता ते कळतच नाही."

"आमच्याकडेही तसंच असतं सर. एक नमुना, एक तपासणी."

"बघा!" काका एकदम खूश झाले. संगणकाच्या नोंदींची फाइल कशी पाठवायची ते त्यांनी तिला सांगितलं, आणि फोन ठेवल्यावर बराच वेळ तो हातातच धरून बसले.

बुधवारी सकाळी नोंदी आल्या. काकांनी चष्मा लावला, फाइलीच्या शेवटाकडे गेले, आणि अर्ध्या मिनिटात दोष सापडला. सोळा नंबरच्या लाइनवर हाक आली, कुणीच दखल घेतली नाही, सबब लाइन बंद करत आहे, अशा अर्थाची ओळ लिनक्सनं लिहून ठेवली होती.

कार्डाला काही सांगायचं असलं की ते प्रोसेसरला हाक मारतं. या हाकेला इंटरप्ट म्हणतात. जुन्या संगणकांत प्रत्येकाला हाक मारायला वेगळी लाइन नसते, एकाच घंटीवर दोन बिऱ्हाडं असावीत तसा प्रकार असतो. घंटी वाजली की दोघांनी दार उघडून बघायचं, आपल्याकडे आलंय का म्हणून. हिच्या संगणकात चित्राचं कार्ड आणि आवाजाचं कार्ड सोळा नंबरवर एकत्र नांदत होती. पण चित्राच्या कार्डाच्या त्या जुन्या घडणीला एक खोड होती. ते मधूनच अशी हाक मारायचं की त्याचा स्वतःचा ड्रायव्हरही म्हणायचा, ही माझी नाही. आवाजवाला म्हणायचा, माझीही नाही. अशा लाखभर हाका वाया गेल्या की लिनक्स कंटाळून लाइनच तोडतं. मग खरी हाक आली तरी पोचत नाही आणि पडदा गोठतो.

इलाज होता एका शब्दाचा. संगणक सुरू होताना एका ओळीच्या शेवटी तो शब्द लिहिला की कार्डाला हाक मारायला स्वतःची वेगळी वाट मिळते. ही सोय अकरा वर्षांपूर्वी काकांनीच, याच घडणीसाठी, ड्रायव्हरमध्ये करून ठेवली होती. त्यांनी उत्तर लिहिलं. शब्द लिहिला, कुठं घालायचा ते लिहिलं. पाठवायचं बटण तेवढं राहिलं.

मग त्यांचा हात थांबला. त्यांना पुढचं सगळं दिसत होतं. ही शब्द घालणार, संगणक चालणार, 'चाललं, आभारी आहे' असं पत्र येणार, आणि संपलं. ज्यांचं ज्यांचं काम झालं त्या सगळ्यांचं शेवटचं पत्र तेच होतं. पुन्हा कुणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या, की तुम्ही कसे आहात. का लिहाव्यात? डॉक्टरला बरं झालेला माणूस पत्र लिहितो का? हे काकांना कळत होतं, पण साडेसहाच्या फोनचा आवाज अजून कानात होता. घरात रेडिओ चालू होता आणि त्यावर कुणीतरी कुणालातरी शुभेच्छा देत होतं.

त्यांनी लिहिलेलं पुसलं आणि नवं लिहिलं. "कारण जवळजवळ सापडलं आहे. खात्रीसाठी एक चाचणी लागेल. रेकॉर्डिंग बंद ठेवून टेप सुरुवातीपासून फक्त पडद्यावर चालवून बघा. बाकी काहीही बदलू नका. काय होतं ते उद्या संध्याकाळी फोनवर सांगा."

उद्यापर्यंतच, असं त्यांनी स्वतःला बजावलं. खरं सांगायचं तर काकांनी आयुष्यात वाईट म्हणावं असं काही केलं नव्हतं. संधीच कुठं आली होती? ही पहिली आली, आणि ती त्यांनी घेतली.

पहिली चाचणी गुरुवारी झाली. "तेवीस मिनिटं चाळीस सेकंदांनी गोठलं," तिनं सांगितलं. ते तसं होणारच होतं. "अस्सं," काका म्हणाले, जसं काही नवीनच कळलं. "म्हणजे रेकॉर्डिंगचा दोष नाही. आता उद्या पडद्याचा आकार कमी करून बघू." शुक्रवारी आकार कमी झाला. शनिवारी मेमरीची एक पट्टी काढून झाली. रविवारी कीबोर्डची वायर दुसऱ्या भोकात गेली. यातल्या कशानंही काही होणार नव्हतं, हे काकांइतकं जगात दुसऱ्या कुणालाही ठाऊक नव्हतं. लॅबवाली मात्र सगळं मन लावून करायची, मिनिटं आणि सेकंद लिहून घ्यायची, आणि रोज साडेसहाला फोन करायची.

पाव तास कार्डाचं बोलणं व्हायचं. मग अर्धा तास इतर.

"पहिल्या प्रदर्शनाच्या दिवशी तर," काका सांगत होते, "बाहेरचे पाहुणे आलेले, सगळे सुटाबुटात, आणि आमच्या कार्डातून धूर! आमचे साहेब असे बेरकी, म्हणाले, थंडीच्या दिवसांत याचा आणखी एक उपयोग आहे."

ती खळखळून हसली. त्या हसण्यावर काकांनी आणखी तीन किस्से सांगितले, त्यातला एक बराचसा बनवलेला होता. तीही मग सांगायची, लॅबमध्ये आलेला एक धट्टाकट्टा गडी सुई बघूनच आडवा कसा झाला आणि त्याला धरता धरता तिघीजणी खाली कशा बसल्या. पण ती बोलायची कमी, काकांचंच चालायचं. वर्षानुवर्षांचं तुंबलेलं होतं. पाचव्या दिवशी ती म्हणाली, "अहो, मी सर काय म्हणत बसलेय! काका म्हणू? आणि तुम्ही मला तू म्हणा." त्या संध्याकाळी काका खिडकीत उभे राहून एकटेच हसले.

ते साडेसहाच्या आत दाढी करायला लागले. फोनवर दाढी दिसत नाही हे त्यांना माहीत होतं. रेडिओ बंद राहू लागला. न्हाव्याकडे जायची आठवण झाली नाही. दुसऱ्या रविवारी ताईनं फोनवर लगेच ओळखलं.

"आवाज बरा लागतोय तुझा. काय भानगड आहे?"

"भानगड कसली? काम आलंय. अवघड केस आहे एक."

"मग सुटली की कळव."

"इतक्यात सुटेल असं वाटत नाही," काका म्हणाले, आणि बोलल्यावर त्यांनाच कसंसं झालं.

एक गोष्ट त्यांनी मनाच्या कोपऱ्यात सरकवून ठेवली होती. चाचण्यांसाठी ती दुसरीच कुठलीतरी टेप लावत असणार, असं ते धरून चालले होते. कुणीही शहाणा माणूस तेच करील, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. विचारलं मात्र नाही. विचारायला एकच वाक्य लागलं असतं, पण त्या वाक्यातून आणखी वाक्यं निघाली असती आणि शेवटी तो शब्द सांगावा लागला असता. तसं त्यांनी तिला दुसरंही काही विचारलं नव्हतं. वडील जेवतात का, घरात आणखी कोण आहे, टेपमध्ये आई कशी दिसते, काहीच नाही. एकट्या माणसाला ऐकणारं कुणी मिळालं की तो किती अप्पलपोटा होतो, हे काकांकडे बघून कळलं असतं.

चौदाव्या दिवशी तिचा आवाज थकलेला होता. "काका, होईल ना हो हे? बाबा रोज विचारतात. मी रोज उद्या म्हणते."

काकांना आपली लाज वाटली. खरोखर वाटली. "होणार म्हणजे होणारच," ते म्हणाले. "उद्या एक हुकमी उपाय करू." फोन ठेवल्यावर त्यांनी तो शब्द कागदावर लिहून फोनजवळ ठेवला, विसर पडायला नको म्हणून. दुसऱ्या दिवशी काकांनी फोन उचलल्या उचलल्या तिनं "आज एक गंमत झाली" म्हणून सुरुवात केली, त्या गमतीत चाळीस मिनिटं गेली, आणि काकांनी कागद उलटा करून ठेवला. म्हणजे आता दोघंही उद्या म्हणत होते.

तिसऱ्या रविवारी सकाळी दहाला फोन वाजला. ताईची वेळ दुपारची, म्हणून काकांनी जरा चकित होऊनच उचलला.

"काका, सुट्टीच्या दिवशी त्रास देते. एक विचारायचं होतं."

"बोल की."

"शुक्रवारी चित्रावर पांढऱ्या रेघा आल्या. मला वाटलं, आपण आकार बदलला होता त्याचंच काहीतरी राहिलं असेल. काल आवाज मध्ये मध्ये बसला. आणि आत्ता सकाळी लावली, तर आईचा चेहराच दिसेना. हे कार्डामुळेच होतंय ना?"

"चेहरा? तू कुठली टेप लावतेस?"

"आईचीच."

"रोज?"

"मग? पडदा गोठला तरी टेप शेवटपर्यंत चालू देत होते. काही बदलायचं नाही असं तुम्हीच म्हणाला होतात. दुकानवाले फार वेळा चालवू नका म्हणाले, ते मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं तुम्हाला. तुम्ही हो हो म्हणालात. मला वाटलं, ते लक्षात घेऊनच सांगताय."

"आता लावू नकोस," काका म्हणाले, आणि मग, "नाही, थांब. प्लेअरचं झाकण काढून आतलं, टेप वाचणारं हेड स्पिरिटनं पुसून घे. कापसानं, हलक्या हातानं. आणि कागद-पेन घे." त्यांनी तो शब्द सांगितला, एकेक अक्षर, दोनदा. तिनं तो दोनदा परत म्हणून दाखवला. "आता रेकॉर्डिंग चालू कर आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत एकदाच चालव. एकदाच."

मधले दोन तास काकांनी कसे काढले ते विचारू नये. चहा केला आणि ओट्यावर विसरले. सव्वाबाराला फोन आला.

"काका, चाललं!" ती म्हणाली. "एकदाही थांबलं नाही. एक तास एकतीस मिनिटं." मग म्हणाली, "पण टेपमध्ये काही राहिलं नाही हो. सुरुवातीला सगळं पांढरंच आहे. मध्ये सहा-सात मिनिटं हात दिसतात, कात्री दिसते. आवाज नाहीच, नुसती खरखर. कापूस तपकिरी झाला सगळा. टेपवरची पूडच ती, त्या पुडीतच चित्र, आवाज सगळं असतं ना?"

"हो," काका म्हणाले.

"माझंच चुकलं. दुसरी टेप लावायचं मला आधी सुचायला हवं होतं. तुम्ही बिचारे एकोणीस दिवस डोकेफोड करताय आणि मी एवढं साधं... जाऊ दे. तुम्ही नसतात तर ही सात मिनिटंसुद्धा मिळाली नसती. थँक यू काका."

"नाही, तसं नाही," काका एवढंच म्हणाले. तिनं फोन ठेवला.

काका संगणकापुढे बसले, कारण दुसरीकडे कुठं बसावं ते त्यांना कळेना. निदान हा दोष पुन्हा कुणाला छळू नये, त्या घडणीच्या कार्डांना तो शब्द न घालताच वेगळी वाट मिळावी, असा बदल त्यांनी ड्रायव्हरमध्ये केला. पाच ओळींचं काम. ड्रायव्हर लिहिणाऱ्या लोकांत एक रीत आहे. कुठलाही बदल केला की त्यासोबत टिपण लिहायचं, दोष काय होता, कसा सापडला. खाली दोन नावं घालायची, कुणी कळवला आणि कुणी चाचणी केली. आणि त्या दोघांना टिपणाची प्रत आपोआप जाते. काकांनी दोन्ही ठिकाणी लॅबवालीचं नाव लिहिलं, आणि मग वर, 'कसा सापडला' या जागी येऊन थांबले.

'अनेक चाचण्यांनंतर' असं लिहिलं असतं तर काय बिघडत होतं? पण तेवीस वर्षांत काकांनी त्या फाइलीत एक अक्षर खोटं लिहिलेलं नव्हतं. जिवंत माणसाशी एकोणीस दिवस खोटं बोलून झालं होतं, फाइलीत मात्र हात होईना. अशी ही माणसं. त्यांनी लिहिलं, "दुसऱ्या दिवशी आलेल्या नोंदींत कारण स्पष्ट दिसत होतं." मग त्या ओळीकडे ते बघत राहिले. ही ओळ ती वाचणार होती. टिपण पाठवायच्या आधी त्यांनी फोन उचलला. इतक्या दिवसांत त्यांनी तिला स्वतःहून केलेला हा पहिलाच फोन होता.

"काका? काय झालं?"

"मला दुसऱ्याच दिवशी कळलं होतं," काका म्हणाले.

"काय कळलं होतं?"

"तो शब्द. तू बुधवारी नोंदी पाठवल्यास तेव्हाच. अर्ध्या मिनिटात."

"मग या सगळ्या चाचण्या?"

"सगळ्या खोट्या. शब्द सांगितला असता तर तुझा फोन पुन्हा आला नसता, म्हणून."

पलीकडे मागून म्हाताऱ्या आवाजात कुणीतरी विचारलं, कोण आहे गं? "लॅबमधून आहे, बाबा," तिनं फोन बाजूला धरून सांगितलं. मग दार लावल्याचा आवाज आला.

"गुरुवारी," ती हळू बोलत होती, "त्या पहिल्या गुरुवारी, मी बाबांना शेजारी खुर्ची दिली होती. इतकं स्वच्छ बोलत होती ती. कापड ओढू नका, ते आपणहून येतं, असं म्हणत होती. तेवीस मिनिटं बाबा हललेसुद्धा नाहीत. मग अडकलं. मी म्हटलं, पुन्हा पहिल्यापासून लावते. तर म्हणाले, नको, उगाच टेप बिघडेल. नीट झालं की सगळं एकदम ऐकेन. त्यानंतर ते त्या खोलीत आलेच नाहीत. त्यांना ते पुरवून ऐकायचं होतं. तो शब्द त्या दिवशी असता तर सगळं तेव्हाच उतरलं असतं. पण रेकॉर्डिंगच बंद होतं. तुम्ही सांगितलं होतं म्हणून."

"मी तुझी माफी..."

"आता ते बाहेर बसलेत. झालं का, म्हणून विचारताहेत. मी त्यांना काय सांगू?"

काहीतरी बोलायला हवं म्हणून, आणि देण्यासारखं जवळ दुसरं काही नव्हतं म्हणून, काका म्हणाले, "मी ड्रायव्हरमध्ये तो बदल केलाय. आता कुणालाच ही अडचण येणार नाही. त्याखाली तुझं नाव घातलंय. ते कायम राहील तिथं."

"काढा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

काकांनी दोन्ही ठिकाणचं नाव काढलं. एकोणीस दिवसांत तिनं त्यांच्याकडे मागितलेली ही दुसरी गोष्ट, आणि ही मात्र त्यांनी लगेच केली.